पोट भरलं, इंग्रजीत कसं सांगाल?

सदाशिव पेठेत परदेशी पाहुण्यासोबत थाळी जेवताय आणि वाढपी पुन्हा पुरणपोळी घेऊन आला, तर पाहुण्याला ‘आय ॲम फुल’ एवढं सांगितलं तरी पुरे. ‘सेशिएटेड’ म्हणजे तृप्त, पण तो लिखाणातला शब्द. पंगतीत जरा नटवाच वाटतो. स्पेलिंग बघून ‘सॅटिएटेड’ मात्र म्हणू नका, त्यातल्या पहिल्या ‘टी’चा उच्चार ‘श’ होतो. गंमत म्हणजे त्याचं नाम ‘सटायटी’, तिथे ‘ट’ कायम! आहाराविषयीच्या लेखांत हेच भेटतं: उसळी, डाळी यांत प्रथिनं आणि तंतू असतात, म्हणून सटायटी जास्त. ‘स्टफ्ड’ म्हणजे तडस लागेपर्यंत जेवलेला. मित्रांत चालतं, साहेबांसमोर टाळा. आणि ‘फेड अप’ तर नकोच, त्याचा अर्थ ‘वैतागलो’.