माळ्यावरचे विनोदी अंक पुन्हा छापताना

आजोळी माळ्यावर ग्रामीण विनोदी दिवाळी अंकांचा गठ्ठा सापडला. पिना गंजलेल्या, कडा हात लावताच तुटणाऱ्या. पिनांची टोकं बोथट सुरीने उचलून त्या अलगद काढल्या. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावली नाही. तिचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो. मोरचूद (कीड लागू नये म्हणून खळीत घालतात ते) न घातलेली गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, म्हणजे अगदी पातळ पण चिवट कागद, वापरला.

स्कॅनमध्ये पाठच्या बाजूचा मजकूर उमटत होता. पानामागे काळा कार्डशीट ठेवला, ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांत, घेतलं, अक्षर स्वच्छ आलं.

खरी अडचण पुढे होती. टाईप करायला दिलेला मजकूर ‘शुद्ध’ होऊन आला. ‘न्हाई’चं ‘नाही’, ‘हाय’चं ‘आहे’, ‘कुटं’चं ‘कुठे’. पारावरच्या गप्पांचा जीवच गेला! सगळं रद्द केलं. मामीला मूळ पानं मोठ्याने वाचायला बसवलं आणि मी ओळ न् ओळ जुळवत गेलो. बोलीचा हेल तिच्या तोंडून ऐकल्यावर कुठला अनुस्वार का आहे, तेही कळलं.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. म्हणून वारसांची लेखी परवानगी मिळाली तेवढ्याच कथा छापल्या. बाकीच्यांचा शोध चालू आहे.