लेझर कटरचा धूर कूलरमधून परत आत येत होता

60 वॅटचा सीओटू लेझर, 3 मिमी एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाचं) काम, धुराचा 6 इंची पाइप खिडकीबाहेर. तरी खोलीत जळका वास आणि डोळ्यांची चुरचुर. दोन चुका सापडल्या.

ब्लोअर, म्हणजे धूर बाहेर फेकणारा पंखा, मशीनला चिकटून होता. त्यापुढचा पाइप दाबाखाली राहतो आणि सैल सांध्यांतून धूर खोलीतच सुटतो. ब्लोअर बाहेरच्या टोकाला नेला. आता सांधा सैल असला तर धूर सुटण्याऐवजी खोलीतली हवा पाइपात ओढली जाते. सांध्यांना ॲल्युमिनियम टेप लावली. सोलापूरच्या उन्हात साध्या टेपचा गोंद वितळून ओघळतो.

खरी गंमत दुसरीच. पाइपाचं तोंड खिडकीतल्या कूलरपासून हातभर अंतरावर! कूलर बाहेरची हवा ओढतो, त्यासोबत आपलाच धूर. तोंड गच्चीच्या कठड्यावर नेलं. कूलर बंद असेल तेव्हा समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, नाहीतर ब्लोअर बाहेर काय फेकणार?

तपासायला झाकणाच्या फटीशी टिश्यू धरा, तो आत खेचला गेला पाहिजे. कट संपल्यावर ब्लोअर 2-3 मिनिटं चालू ठेवा.

फिल्टर लावायचाच तर हेपा कण अडवतो, वायू नाही. वायूसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वायू शोषणारा कोळसा. एमडीएफचा चिकट धूर हेपा पटकन बुजवतो, म्हणून आधी स्वस्त प्री-फिल्टर.

पीव्हीसी आणि पीव्हीसीचं रेक्झिन मात्र कापूच नका. हायड्रोजन क्लोराइड सुटतो. फुप्फुसांना इजा होते आणि मशीनच्या रेल्सही गंजतात. शंका असेल तर तापवलेली तांब्याची तार तुकड्याला टेकवून मोकळ्या हवेत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तुकडा बाजूला.