सह्याद्रीच्या ओढ्यातला मासा डीएनएवरून ओळखताना

आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळच्या कुंडातला शिस्तुरा हिरण्यकेशी हा इवलासा लोच (ओढ्याच्या तळाशी राहणारा लहान मासा) २०२० साली नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. अशा ठिकाणी परवानगीशिवाय जाळे टाकायचे नाही. इतरत्रही वनखाते आणि राज्य जैवविविधता मंडळाकडे आधी चौकशी करा.

मासा हाती आला की आधी जिवंतपणी फोटो, कारण अल्कोहोलमध्ये रंग तासाभरातच उतरू लागतात. लवंगतेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये विरघळवा. लिटरभर पाण्यात याचे अर्धा मिली टाकले की मासा शांत होतो. सपाट काचेच्या पेटीत डाव्या बाजूचा फोटो मोजपट्टीसह घ्या. अंगावरचे पट्टे, शेपटीच्या मुळाशी असलेली काळी रेघ आणि पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूने जाणारी बारीक छिद्रांची ओळ) कुठपर्यंत जाते हे स्पष्ट दिसले पाहिजे.

डीएनएसाठी उजव्या बाजूच्या छातीच्या पराचा ३ ते ५ मिलिमीटर तुकडा पुरतो. डावी बाजू मोजमापासाठी अखंड ठेवायची. तुकड्याच्या किमान दहापट ९५ टक्के इथेनॉल घ्या आणि दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण मांसातले पाणी उतरून ते पातळ होते. मेडिकलमधले सर्जिकल स्पिरिट चालत नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. प्रत्येक माशानंतर कात्री ब्लीचमध्ये बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा.

नमुना म्हणून मासा ठेवायचाच असेल, तर लवंगतेलाचे प्रमाण दहापट करा आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटे तसाच राहू द्या. पराचा तुकडा काढल्यानंतरच शरीर फॉर्मालिनमध्ये घाला. फॉर्मालिनने डीएनएचे तुकडे पडतात आणि ते मागाहून दुरुस्त होत नाहीत. कुपी, फोटो आणि शरीर या तिघांना एकच क्रमांक द्या. ज्या सिक्वेन्सचा, म्हणजे वाचलेल्या डीएनए-अक्षरांच्या क्रमाचा, मासा संग्रहात नाही, त्याची ओळख पुढे कुणालाही तपासता येत नाही. या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते.

प्रयोगशाळेत प्रजाती ओळखण्यासाठी सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) जनुकाचा सुमारे ६५५ अक्षरांचा भाग वाढवतात. फिशएफ१ आणि फिशआर१ हे प्रायमर (तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बहुतेक माशांना लागू पडतात. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अशी (तापमान सेल्सियसमध्ये): ९५ अंशांवर २ मिनिटे, मग ९४ अंशांवर अर्धा मिनिट, ५४ वर अर्धा मिनिट, ७२ वर एक मिनिट, अशी ३५ आवर्तने, शेवटी ७२ वर १० मिनिटे. एका नळीत डीएनएऐवजी पाणी घाला. जेलवर तपासताना तिथेही डीएनएचा पट्टा उमटला तर कुठेतरी भेसळ आहे. ती सगळी बॅच टाकून द्या. पट्टा फिका असेल तर डीएनए वाढवण्याऐवजी दहापट पातळ करून पाहा, अनेकदा सोबत आलेली अशुद्धीच प्रक्रिया रोखते.

सिक्वेन्स आल्यावर तो प्रथिनात रूपांतरित करा, पण पृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रियल कोड निवडून. नेहमीचा कोड ठेवला तर टीजीए ही तीन अक्षरे म्हणजे थांबा (प्रथिन संपल्याची खूण) असे समजले जाते आणि चांगला सिक्वेन्स नाहक बाद होतो. योग्य कोड लावूनही मधेच थांबा आला तर पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत शिरलेली या जनुकाची जुनी नक्कल वाढली असण्याची शक्यता आहे.

मग जेनबँक आणि बोल्ड या सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहांमध्ये जुळवणी. पहिल्या क्रमांकाचे नाव डोळे झाकून उचलू नका, तिथे चुकीच्या नावाचे सिक्वेन्सही असतात. जिथून प्रजातीचे मूळ वर्णन झाले, त्या ठिकाणच्या माशाशी तुलना करा. उदाहरणार्थ, टॉर खुद्री या महाशीर माशाचे वर्णन निसर्ग-अभ्यासक साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून केले. दोन टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती, हा नियम नव्हे. घाटमाथ्यावर एक ओढा कृष्णेला आणि शेजारचा कोकणात उतरतो. दीर्घकाळ तुटलेल्या एकाच प्रजातीतही मोठा फरक साठतो. शरीररचनेतला फरक सोबत दिसला तरच वेगळी प्रजाती मानून पुढे जा.

महाशीरबाबत जास्त सावध राहा. लोणावळ्याच्या वळवण मत्स्यबीज केंद्रातली टॉर खुद्रीची पिल्ले कावेरीसारख्या दूरच्या नद्यांतही सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर २०१८ मध्ये टॉर रेमादेवीआय म्हणून ओळखला गेला. सीओआय फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झालेला मासा आईच्याच नावाने निघतो. केंद्रकातली जनुके तपासावीच लागतात. महाशीरमध्ये १०० गुणसूत्रे आहेत आणि अनेक जनुकांच्या जोडप्रती आहेत. म्हणून केंद्रकातल्या जनुकाच्या सिक्वेन्सच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसली की लगेच संकर ठरवू नका. आधी त्या दोन वेगळ्या प्रती तर नाहीत ना, हे शुद्ध वंशाच्या माशांवर तोच प्रायमर चालवून पाहा.