डायलिसिसवर आहात? ‘अँटिऑक्सिडंट’च्या नादात या चुका टाळा

आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये सकाळच्या शिफ्टला एक काका येतात. वजनकाट्यावर चढण्याआधी पिशवी खुर्चीवर ठेवतात. तिच्यात चादर, पोळीभाजीचा डबा आणि मध्यंतरी महिनाभर एक हिरवी बाटली असायची. गव्हांकुर, आवळा, गुळवेल यांचा रस. डायलिसिसच्या पेशंटला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंमुळे पेशींवर पडणारा ताण, जास्त असतो आणि अँटिऑक्सिडंट तो रोखतात, असं मुलीने मोबाइलवर वाचलं होतं. वाचलं ते खरंच होतं, उपाय तेवढा चुकला. रसातलं पोटॅशियम रक्तात साचत गेलं आणि डायलिसिसच्या दोन दिवसांच्या गॅपनंतर सोमवारी काकांचं पोटॅशियम ६.८ आलं. एवढ्यावर हृदयाचा ठोका कधी बिघडेल सांगता येत नाही.

मुळात हा ताण ताटातून येत नाही. किडनी टाकू न शकलेली द्रव्यं रक्तात साचलेली असतात. त्यात रक्त डायलायझरच्या, म्हणजे मशीनवरच्या गाळणीच्या, तंतूंना लागलं की पांढऱ्या पेशी खवळतात आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सोडतात. वर मशीन हा ताण रोखणारं क जीवनसत्त्वही धुऊन नेतं. मग ते भरपूर घ्यावं असं वाटणं साहजिक आहे, पण ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या रोज खाऊ नका. जास्तीच्या ‘क’चं शरीरात ऑक्झलेट होतं. धडधाकट किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. डायलिसिसवर असलेल्यांत ते सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, हृदयात जाऊन बसतं. डॉक्टर लिहून देतात त्या गोळीतले ६०-१०० मिलिग्रॅम पुरेत. ‘अ’ जीवनसत्त्वही साचतं, म्हणून मेडिकलमधून मल्टिव्हिटॅमिन परस्पर उचलू नका. ‘ई’चं म्हणाल तर २००० साली इस्रायलमधल्या १९६ पेशंटांवरच्या अभ्यासात हार्ट अटॅक कमी दिसले होते, पण एवढ्या लहान अभ्यासावर ते सरसकट कोणी देत नाही.

कमरख, म्हणजे करंबळ किंवा स्टारफ्रूट, तर घरातच आणू नका. एखाद्या फळानेही उचकी थांबेनाशी होते, माणूस भ्रमात जातो, झटके येतात. जीवही गेलेले आहेत.

उलटी चूकही बघतो: ‘लोहाने ऑक्सिडेशन वाढतं’ म्हणून रक्त वाढवायला दिलेल्या लोहाच्या इंजेक्शनला नकार. मोकळं लोह ताण वाढवतं हे खरं. तरी ब्रिटनमधल्या २,१४१ पेशंटांच्या २०१९ च्या अभ्यासात, रिपोर्ट बघून सढळ लोह दिलेल्यांत मृत्यू आणि हृदयाच्या तक्रारी मिळून कमीच निघाल्या. फक्त ताप किंवा कॅथेटरपाशी (डायलिसिससाठी बसवलेल्या नळीपाशी) पू असेल तर आधी सांगा. इन्फेक्शन असताना आम्ही लोह थांबवतो.

आता पाणी. मिनिटाला ५०० मिलिलिटर धरलं तर चार तासांत आरओच्या पाण्यापासून बनवलेलं १२० लिटर डायलिसिसचं द्रावण तुमच्या रक्ताशेजारून वाहतं, मध्ये फक्त पातळ पडदा. त्या पाण्यात जंतूंचं विष असेल तर ते पडद्यातून रक्तात शिरून हाच ताण वाढवू शकतं. पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे बिनधास्त विचारा. आम्हाला राग येत नाही. आणि मशीनवर असताना हुडहुडी भरली तर चादर ओढून गप्प पडू नका, लगेच हाक मारा. कारण पाणी असेल, कॅथेटर असेल, ते आम्ही शोधू.

तंबाखू कुठल्याही रूपात हा ताण वाढवते. ‘मी रसबिस काही घेत नाही हो,’ एक मावशी परवा फिश्चुलाचा, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायचा, हात पुढे करत म्हणाल्या. दुसऱ्या हाताचं बोट मिश्रीने काळं होतं.