दहा फोटोंचे दोन फोटो: फाइलींना ओळीने नंबर देण्याआधी

फॉर लूप (तीच कृती प्रत्येक फाइलीवर करणं) आणि एमव्ही (फाइलीचं नाव किंवा जागा बदलणारी कमांड) येत असलं की फाइलींना क्रमाने नावं देणारी स्क्रिप्ट पाच मिनिटांत होते. फाइली जातात त्या याच पाच मिनिटांत.

लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचे १० फोटो धरा, मानाच्या प्रत्येक गणपतीचे दोन. १ आणि २ कसब्याचे, ९ आणि १० केसरीवाड्याचे. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, ही नावं संख्या म्हणून वाचत नाही, अक्षरं म्हणून लावतं: १, १०, २, ३. आता त्याच फोल्डरमध्ये काउंटर चालवा, म्हणजे प्रत्येक फेरीत आकडा एकाने वाढवून यादीतल्या पुढच्या फाइलीला तोच नाव म्हणून द्या. दुसऱ्या फेरीत १० नंबरच्या फाइलीला २ हे नाव मिळतं आणि मूळ २ पुसली जाते. लूपची यादी सुरुवातीलाच ठरलेली असते, म्हणून तिसऱ्या फेरीत हीच फाइल ३ वर बसते, मग ४ वर, असं करत शेवटी पुन्हा १० होते. उरतात दोनच फोटो, १ आणि १०. मधले आठ गेले. एमव्ही फक्त पहिल्या फेरीत 'ही तीच फाइल आहे' म्हणून कुरकुरतं, बाकी चकार शब्द नाही. पुसलेलं ट्रॅशमध्येही सापडत नाही.

एमव्हीला -एन लावलं तर काही पुसलं जात नाही, पण इथे कामही होत नाही, कारण पुढचं प्रत्येक नाव आधीच अडलेलं असतं. म्हणून नवी नावं रिकाम्या, वेगळ्या फोल्डरमध्येच द्या आणि -एन तिथेही ठेवा. क्रमासाठी यादी ग्नूच्या सॉर्ट -व्ही (कॅपिटल V, नावांतल्या संख्यांच्या क्रमाने लावते) मधून काढा, नाहीतर केसरीवाड्याचा फोटो कसब्याच्या दोघांमध्ये घुसेल. नंबर प्रिंटएफने (ठरवलेल्या साच्यात छापणारी कमांड) %०३डी असे तीन अंकी करा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रश्नच येत नाही. फाइलीचं नाव धरणारं व्हेरिएबल दुहेरी अवतरणात हवंच. नावात स्पेस असली की एका फाइलीचे दोन तुकडे होतात.

आणखी एक. ००८ मधून आकडा काढून बॅशमध्ये (नेहमीच्या वापरातलं एक शेल) बेरीज केली तर एरर येते. पुढे शून्य दिसलं की बॅश तो आकडा अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांची पद्धत) धरतं, आणि अष्टमानात ८ नाही. आकड्याच्या पुढे १०# लावा, म्हणजे तो दशमान धरला जातो.

सीनियरने चॅटवर टाकलेली एका ओळीची कमांड जशीच्या तशी चालवू नका. ती त्यांच्या फोल्डरवर चालली, तुमची नावं तिने पाहिलेली नाहीत. घाबरायचंही कारण नाही. एमव्हीच्या आधी एको (कमांड न चालवता नुसती छापून दाखवतं) लिहा, छापलेल्या जोड्या डोळ्यांखालून घाला, मगच एको काढा. मूळ फोल्डरची कॉपी मात्र आधीच करून ठेवा आणि ती नवे १० फोटो मोजून, उघडून पाहीपर्यंत हलवू नका.