सामाजिक कार्यातून विधानसभेकडे कसे जावे

वाडीवस्तीवर पंधरा-वीस वर्षे काम केलेल्या कार्यकर्त्याला एके दिवशी गावकरी म्हणतात, "आता तुम्हीच उभे राहा." हे बोलणे बहुधा मनापासूनचे असते. तरीही होकार देण्यापूर्वी कार्यकर्त्याने आपल्या कामाची वही उघडून पाहावी, आणि वही नसेल तर आजच सुरू करावी. साधी दोनशे पानी वही पुरते. तारीख, वाडीचे नाव, मागणी, अर्ज कोणत्या कार्यालयात दिला, आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याचा कार्यालयाचा नोंद क्रमांक) कोणता मिळाला आणि शेवटी काय झाले, एवढे रकाने आखावेत. आमच्याकडे एका वर्षी एप्रिलमध्येच विहीर आटली, तेव्हा टँकरसाठी दिलेला अर्ज कार्यालयात सापडेना. माझ्याजवळच्या प्रतीवर गोल शिक्का होता, पण आवक क्रमांक घालून घेण्याचे राहून गेले होते. तेवढ्यासाठी नवा अर्ज करावा लागला, आणि वाडीतल्या बायकांनी आणखी नऊ दिवस घाटी उतरून वहाळातल्या डवऱ्याचे, म्हणजे वाळूत खणलेल्या खड्ड्याचे, पाणी डोक्यावरून आणले. त्यानंतर आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी कोणत्याही कार्यालयाची पायरी उतरलेलो नाही.

या वहीचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. कोकणात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभ्याचा सच्छिद्र कातळ आणि समुद्राकडे झपाट्याने उतरणारी जमीन ते पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वाड्यांचे, त्याच मजकुराचे अर्ज वहीत येत राहतात. ज्या प्रश्नावर असे तेच तेच अर्ज वर्षानुवर्षे करावे लागतात, तो प्रश्न अर्जाने नव्हे, तर धोरणाने, निधीने किंवा कायद्याने सुटणारा आहे असे समजावे. असे तीन-चार प्रश्न वहीतून स्पष्ट दिसत असतील, तरच विधानसभेचा विचार करावा. नुसता लोकसंग्रह मोठा आहे, हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

सभागृहात काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे समजून घेण्यासाठी महाडपेक्षा चांगला धडा नाही. सीताराम केशव बोले हे मूळचे समाजसुधारक आणि कामगारांचे कार्यकर्ते. १९०९ मध्ये त्यांनी कामगार हितवर्धक सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेल्यावर त्यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. पुढे न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. म्हणजे कायदेमंडळ, नगरपालिका, रस्त्यावरची चळवळ आणि न्यायालय ही चारही दारे ठोठवावी लागली. खोतीचे, म्हणजे शेतकऱ्यांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीचेही, तसेच झाले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरी परिसरातील शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले, आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. म्हणून आमदारकीकडे जाताना मागची चळवळ मोडून जाऊ नये. ती चालवील असे दुसरे माणूस आधी तयार करावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

थेट विधानसभेवर उडी घेण्यापेक्षा ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेत एक कार्यकाळ काढावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. मृणाल गोरे गोरेगावच्या पाणीप्रश्नासाठी झगडत १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेल्या आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७२ मध्ये विधानसभेत पोहोचल्या. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता हे शब्द एखाद्या साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, कामामागे धावतानाच अंगवळणी पडतात.

कोकणात आणखी एका घटकाला विचारल्याशिवाय काही ठरत नाही, तो म्हणजे गावाचे मुंबईतले मंडळ. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो, शाळेची खोली असो की निवडणूक, चाकरमान्यांचा शब्द घराघरात चालतो. गणपतीला आणि शिमग्याला ते गावी येतात, तेव्हा त्यांच्याशी बोलावेच. पण त्यांच्या मुंबईतल्या बैठकीलाही वर्षातून एकदा आवर्जून जावे आणि वहीतला हिशेब तेथेही वाचून दाखवावा. त्याच वेळी कोणाचे नाव कोणत्या मतदारयादीत आहे हे शांतपणे सांगावे, कारण एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी असणे कायद्यात बसत नाही.

संस्था आणि निवडणूक यांची सरमिसळ हा या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका आहे. संस्थेची गाडी, कार्यालय, देणगीची पावती, यांतले काहीही प्रचाराला लावू नये. परदेशी देणगी घेण्यास उमेदवाराला आणि विधिमंडळाच्या सदस्याला कायद्याने मनाई आहे, म्हणून संस्थेला अशी देणगी मिळत असेल तर विश्वस्तपदाचा राजीनामा पुष्कळ आधी द्यावा आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांच्या मुदतीत दाखल झाल्याची खात्री करून घ्यावी. स्वतःच्या नावावर शासकीय कामाचा ठेका किंवा शासनाचे मानधनाचे पद असेल, तर त्याबद्दल वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

प्रत्यक्ष अर्जाचे नियम थोडक्यात सांगतो. वय २५ पूर्ण असावे आणि महाराष्ट्रातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि सूचक त्याच मतदारसंघातले हवेत. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये. शपथपत्रातील एकही रकाना कोरा सोडू नये. लागू नसेल तेथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहावे. अर्ज दिल्यावर राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ घ्यावयाची राहू नये, कारण छाननीच्या दिवसापूर्वी ती घेतलेली नसेल तर अर्ज बाद होतो. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे, त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. हरलेल्या उमेदवारालाही हा हिशेब चुकत नाही. तो सबळ कारणाशिवाय दिला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

निवडून आल्यावर जुनी वहीच कामाला येते. त्यातील एकेक प्रश्न तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तराचा), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) किंवा अर्धा तास चर्चा (मिळालेल्या उत्तरावर पुढे होणारी) यांपैकी कोणत्या मार्गाने मांडता येईल, हे अधिवेशनापूर्वी ठरवावे. 'पाणीटंचाईबाबत शासन काय करीत आहे' असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघम येते. वाडीचे नाव, योजनेचे नाव, मंजुरीचे वर्ष आणि काम कोठे थांबले आहे, हे लिहिले की खात्याला ती नस्ती (फाइल) उघडावीच लागते. मंत्र्यांचे छापील उत्तर हाती आले की त्याच्या प्रती काढून पुढच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि उत्तरातील जी गोष्ट खरी नाही ती ग्रामस्थांकडूनच लेखी मागून घेऊन वहीच्या नव्या पानावर नोंदवावी.