येशू आपल्यासोबत असंलच असं धरून चालताय? या चुका टाळा

येशू 12 वर्षांचा असताना वल्हांडण या यहुदी सणाला यरुशलेमला गेला, ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. पण बायबलात लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली एक गोष्ट मला लई उशिरा बोचली. त्याचे आईबाप योसेफ आणि मरीया परत निघाले, अख्खा एक दिवस चालून गेले आणि पोरगं मागंच राहिलंय याचा पत्ताच नाही. घोळक्यात असंल कुठंतरी. म्हणजे कोल्हापुरातून निघून कागलच्या पुढं गेल्यावर समजायचं!

आपलं बी तेच होतं.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे "आम्ही पिढीजात ख्रिस्ती". वाईल्डर मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले, पणजोबांचा बाप्तिस्मा झाला, घरात भिंतीवर वचन लटकतंय, मग येशू आहेच की. पणजोबांबरोबर होता हो, तुमच्याशी आज सकाळी काय बोलणं झालं त्याचं?

दुसरी चूक माझी स्वतःची. नाताळचा महिना म्हणजे कॅरलचं टाइमटेबल, साउंडवाला, कीबोर्डवाला शोधा, चहाचे कप मोजा, घरी करंज्यांचा घाणा, आणि हे सगळं प्रभूसाठीच चाललंय म्हणून मनाला कसलीच टोचणी नाही, पण त्या तीन आठवड्यांत मी बायबल उघडलं ते फक्त स्टेजवर वाचायला. येशू घरी आला तेव्हा मार्था पण त्याच्यासाठीच राबत होती ना, आणि चिडली कुणावर, तर त्याच्या पायाशी बसलेल्या बहिणीवर. हे लक्षण ओळखून ठेवा. सेवा करता करता बाकीच्यांचा राग यायला लागला की समजायचं कुठंतरी गडबड आहे. काम सोडू नका, पण त्या दिवशी चहाचे कप मोजायच्या आधी दहा मिनिटं बसा.

व्हॉट्सअपवर वचन फॉरवर्ड केलं म्हणजे वाचन झालं, ही आणखी एक. मार्कचं शुभवर्तमान 16 अध्यायांचं आहे, रोज एक वाचलं तर 16 दिवसांत संपतं. शिरोली एमआयडीसीत नाइट शिफ्ट करणाऱ्यानं पहाटेचाच हट्ट धरू नये, कामावरनं आल्यावर आंघोळ करून वाचावं. येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे खरं, पण आपल्याला त्यातला एकांत तरी जमवता येतो.

आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं राजकारण, यावर कुणी बोलत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल टीमा भिडाव्यात तसे कमिटीच्या इलेक्शनला दोन गट, आणि दोन्हीकडचे प्रार्थना करूनच मीटिंगला बसतात.

मग उपाय काय? योसेफ-मरीयेनं आधी नातेवाइकांत शोधलं, नाही सापडला, मग आल्या वाटेनं माघारी यरुशलेमला गेले, तीन दिवसांनी मंदिरात सापडला. तसंच आपण बी मागं जाऊन बघायचं, शेवटचं त्याच्याशी मनापासून कधी बोललो, त्यानंतर काय घडलं.

मी मागं गेलो तर एका मीटिंगपाशी येऊन थांबलो. तिथं एका भावाशी वाजलं होतं आणि तेव्हापासून माझी प्रार्थना नुसती पाठ म्हटल्यासारखी चालली होती. वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात वाचलं होतं, पण फोन लावायला मला दोन दिवस लागले. त्यानं उचलला आणि पहिलंच विचारलं, "जेवलास काय रं?"